आठवीनंतरचा रस्ता

वयाच्या १४ व्या वर्षी आपल्या देशात तीन गोष्टी एकदम थांबतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेले मोफत आणि सक्तीचे शिक्षण ६ ते १४ या वयापुरते, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. शाळेत दुपारी शिजणारा पोषण आहारही आठवीपर्यंतच. बालमजुरीवरची सरसकट बंदी १४ वर्षांखालच्या मुलांना लागू होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ या वयात मनाई आहे ती फक्त धोकादायक कामांना. ही तिन्ही बंधने वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी आखली गेली आणि एकाच वयावर येऊन मिळाली. वाशीमसारख्या जिल्ह्यात त्यांना चौथी गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे गावातली शाळा संपते. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथी-पाचवीपर्यंत, कुठे सातवी-आठवीपर्यंत. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात, आणि अकरावी-बारावी बहुधा तालुक्याला. किशोरवयाची चर्चा आपण करतो ती मुलांच्या स्वभावाची, मोबाइलची, संस्कारांची. पण वाशीमच्या खेड्यात हे वय किती वर्षे टिकणार, याचा निकाल आठवी पास झालेल्या मुलाला नववीच्या वर्गापर्यंत जाता येते की नाही यावर लागतो. शरीर आणि मन या वयाला सुमारे दहा वर्षे देतात. घर, गाव आणि सरकार मिळून त्यातली चार-पाच कापून घेतात आणि उरलेल्याला मोठेपण म्हणतात.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६०, आणि पाचांतले चार जण खेड्यात राहणारे. त्याच जनगणनेत देशात १० ते १९ वयाचे लोक सुमारे २५ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या जवळपास २१ टक्के होते. तेच प्रमाण इथे धरले तर या एका जिल्ह्यात अडीच लाखांच्या आसपास किशोरवयीन निघतात. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांवर चालणारी कोरडवाहू शेती, आणि २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या सहा जिल्ह्यांत नाव. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशीम असे चार घेतले. या जिल्ह्यांची प्रगती ४९ निकषांवर मोजली जाते. आरोग्याचे बरेच निकष गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचे मूल यांच्याभोवती फिरतात. मधले वय, म्हणजे जे मूल उरलेले नाही आणि जी अजून आई झालेली नाही, ते या मोजणीत शिक्षणाच्या रकान्यातून थोडेफार डोकावते. आठवीतून नववीत किती मुले गेली, हा त्यातला एक निकष आहे. माझ्या मते जिल्ह्याच्या तब्येतीचाही तोच सर्वांत मोलाचा आकडा आहे, आणि तसे म्हणण्याचे कारण शिक्षणात नसून शरीरात आहे.

वाढीला एक ठरलेला क्रम असतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस आठव्या ते तेराव्या वर्षांच्या दरम्यान, आधी रात्री झोपेत, थोड्या थोड्या वेळाने संप्रेरकांचे इशारे सोडू लागतो. त्यावरून पिट्युटरी ग्रंथी आणि पुढे अंडाशय किंवा वृषणे कामाला लागतात. मुलींमध्ये उंचीची झेप साधारण बाराव्या वर्षी सर्वांत वेगवान असते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलांमध्ये ती दोन वर्षे उशिरा, चौदाव्याच्या सुमारास येते, आणि थोडी जास्त असते. आधी हातपाय वाढतात, मग धड; म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगा सारखा कशाला तरी अडखळतो आणि घरच्यांना तो वेंधळा वाटतो. मुलीची पहिली पाळी या झेपेच्या आधी येत नाही. झेप ओसरू लागल्यावर, साधारण वर्षभराने येते. त्यानंतरही ती पाच-सात सेंटिमीटर वाढते. पाळी आली म्हणजे वाढ पूर्ण झाली, ही समजूत यामुळे फसवी ठरते, कारण गावात पाळी दिसते तसे हाड दिसत नाही. कमरेचे हाड, ज्यातून पुढे मूल बाहेर यायचे असते, उंचीच्या मागे रेंगाळते. पाळी आली त्या वेळी प्रसूतिमार्गाची हाडांची चौकट प्रौढ बाईपेक्षा लहान असते आणि पाळीनंतरही कित्येक वर्षे हळूहळू रुंदावत राहते. उंची थांबली, पाळी नियमित झाली, बाहेरून सगळे ‘झाले’, तरी आतले काम सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत चालूच असते.

या अपुऱ्या शरीरात गर्भ वाढू लागला तर काय होते, याचा एक पुरावा आपल्यासारख्याच ठिकाणचा आहे. ग्रामीण बांगलादेशात किशोरवयीन मुलींच्या मोजमापांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, गरोदरपण आणि अंगावर पाजणे या काळात मुलींची स्वतःची उंची वाढायची थांबली आणि शरीरातली चरबी-मांस घटले. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या मुली मात्र वाढत राहिल्या. म्हणजे आई आणि बाळ एकाच ताटातून वाढण्याची स्पर्धा करतात आणि हरते ती बहुधा आई. बाळही पूर्ण जिंकत नाही. किशोरवयीन आईच्या पोटी कमी वजनाचे आणि अपुऱ्या दिवसांचे मूल होण्याचा धोका जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगते. आकांक्षित जिल्ह्याच्या फलकावर कमी वजनाची बाळे मोजली जातात, त्या आकड्याचे मूळ पुष्कळदा पाच वर्षे मागे, शाळा सोडलेल्या नववीच्या रिकाम्या बाकावर असते.

मुलांकडे वळू या, कारण त्यांच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. वाशीम-रिसोड रस्त्यावर काय किंवा विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर काय, पहाटे धावणारी पोरे दिसतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी. शिपाईपदासाठी पुरुषाची किमान उंची १६५ सेंटिमीटर लागते. भारतातल्या १९ वर्षांच्या मुलाची सरासरी उंची १६६ च्या आसपास आहे. म्हणजे धावायला सुरुवात करण्याआधीच जवळपास निम्मे बाद. पाच किलोमीटर रोज धावून फुप्फुसे तयार होतात, उंची वाढत नाही. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी बरीचशी ठरून गेलेली असते. उंचीत आईबापांचा वाटा मोठा असतो हे खरे, पण उरलेला वाटा अन्नाचा, आणि पोराच्या भुकेचे शिखर येते तेच वर्ष शाळेतले ताट बंद होण्याचे असते. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. दाणा बाजार समितीत जातो, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि उरलेली पेंड कोंबड्यांना. पिकवणाऱ्याच्या घरी वरण तुरीचेच शिजते आणि तेही भावाप्रमाणे पातळ होत जाते.

इथे पहिला आक्षेप येईल की मुलींसाठी तर योजना आहे. आहे, आणि वाशीमला ती मुद्दाम दिलेली आहे. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या कार्यक्रमात किशोरवयीन मुलींची योजना १४ ते १८ वयासाठी बदलली गेली आणि ईशान्येच्या राज्यांबरोबर ती आकांक्षित जिल्ह्यांना लागू झाली. वर्षातले ३०० दिवस, रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असा तिचा हिशेब. त्याआधीपासून आठवड्याला लोह आणि फोलिक आम्लाची निळी गोळी आहे, वर्षातून ठरलेल्या दिवशी जंताची गोळी आहे, २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याखाली सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ केंद्रे आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाची मुले ३१ टक्के. योजना वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. शाळेत वर्गशिक्षिकेसमोर गिळलेली गोळी आणि घरी नेलेली गोळी या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिली पोटात जाते. दुसरी मळमळते म्हणून फडताळात राहते. घरी आलेला शिधा घरातल्या सगळ्यांचा होतो, त्यात गैर काही नाही, पण मग तो त्या मुलीचा राहत नाही. शाळा हे पोषणाचे सगळ्यांत भरवशाचे ठिकाण आहे, आणि आठवीनंतर तिच्यातून मूल सुटले की बाकीच्या योजना त्याच्या पाठीमागे धावत राहतात. मुलांच्या मागे तर तेवढेही कुणी धावत नाही.

आता मेंदू. अलीकडे वर्तमानपत्रांतून एक वाक्य फिरते की माणसाचा मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो. हा आकडा जरा जपून घ्यावा. १९९९ पासून अमेरिकेतले मेंदूचे अभ्यासक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच मुले पुन्हा पुन्हा एमआरआयखाली घेऊन दाखवले ते असे की, मेंदूतला करडा भाग वयात येण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मग न वापरलेल्या जोडण्या गळत जातात. कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे आवर घालण्याचे आणि पुढचे पाहण्याचे काम असते, तो सगळ्यांत शेवटी बसतो. विशीनंतरही हे चालते. पण पंचविसाव्या वाढदिवशी काही कुलूप लागत नाही. मला जास्त उपयोगाचे वाटते ते मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचे काम. २००५ च्या त्यांच्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या एका खेळात किशोरवयीन मुले एकटी असताना मोठ्यांइतकीच सांभाळून वागली. मित्र बघत उभे राहिले तेव्हा मात्र त्यांनी धोके कितीतरी जास्त घेतले, आणि प्रौढांवर मित्रांचा काहीच परिणाम झाला नाही. पुढे ११ देशांत, त्यात भारतही होता, केलेल्या पाहणीत असे दिसले की शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षीच प्रौढांच्या पातळीला पोचते. भावनेच्या भरात, घाईत, इतरांच्या दडपणाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी.

या निष्कर्षाचा वाशीमशी संबंध काय, असे विचारले जाईल. थेट संबंध आहे. याचा अर्थ १६ वर्षांच्या मुलीला अक्कल नसते असा होत नाही. तिला निवांत विचारले तर ती पुढे काय शिकायचे, कुठे राहायचे, काय नको, हे आईइतकेच नीट सांगू शकते. तिला जे जमत नाही ते मोठ्या माणसांच्या गराड्यात, चार दिवसांच्या मुदतीत, सगळ्यांच्या मानापमानाचे ओझे घेऊन ‘नाही’ म्हणणे. आणि आपल्याकडे लग्न नेमके असेच ठरते. स्थळ येते, पाहुणे संध्याकाळच्या गाडीने निघणार असतात, मुलगा चांगला आहे, मागणी फार नाही, हात पिवळे करून टाकू. निर्णयाच्या ज्या पद्धतीत या वयाचे मन सर्वांत दुबळे असते, तीच पद्धत आपण आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाला वापरतो, आणि वर तिची संमती घेतली असे सांगतो. मुलग्याचेही वेगळे नाही. बापाचे कर्ज थकले, घरातले माणूस गेले, की १५ वर्षांच्या पोराने शाळा सोडून वावर बघायचे हे कुणी ठरवत नाही. तेराव्याच्या पंगतीत ते आपोआप ठरते.

शरीरातल्या एका खुणेवरून मोठेपण मोजण्याची सवय जुनी आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला तेव्हा महाराष्ट्रात जे रण माजले त्याच्या मध्यभागी पहिली पाळीच होती. गर्भाधान पाळी येताच झाले पाहिजे, वयाची अट घालणे हा धर्मात हस्तक्षेप, असा सनातन्यांचा पक्ष. टिळकांचा विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला. आगरकर सुधारणेच्या बाजूने. संमतीचे वय १० वरून १२ झाले, एवढ्यासाठी ही लढाई. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचे वय मुलींसाठी १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले, १९७८ मध्ये १८. मधल्या काळात र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढून शरीराबद्दल उघड लिहीत होते आणि त्यासाठी खटले सोसत होते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या पत्नीशी नवऱ्याने ठेवलेला संबंधही बलात्कारच, असा निकाल दिला. कायदा सव्वाशे वर्षांत पाळीपासून वर्षांपर्यंत आला. गावचा हिशेब अजून पुष्कळदा पाळीवरच असतो: २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. त्याच्या चार-पाच वर्षे आधी तो आकडा २६ होता. घट आहे, पण ज्या राज्याने सावित्रीबाई आणि रखमाबाई पाहिल्या त्याला शोभेल अशी नाही.

आजीचा दाखला इथे हमखास दिला जातो. आजीचे लग्न बाराव्या वर्षी झाले, आठ बाळंतपणे घरात झाली, आणि ती नव्वदीपर्यंत वावरात गेली. या दाखल्यात तीन गोष्टी सुटतात. जी आजी सांगायला उरली ती जगलेली आजी. पहिल्या बाळंतपणात गेलेलीचा दाखला द्यायला नातू नसतो. दुसरे, लग्न आणि नांदायला जाणे यांत तेव्हा बहुतेक घरांत काही वर्षांचे अंतर असे, आणि पाळीही उशिरा येई. नॉर्वेतल्या जुन्या नोंदींत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पाळीचे सरासरी वय १७ च्या आसपास होते, शंभर वर्षांत ते १३ वर आले. खाणेपिणे सुधारते तसे जगभर हेच झाले आहे आणि आपल्याकडेही आता ते तेरा वर्षांच्या आसपासच आहे. तिसरे, आजीला बारावी पास व्हायचे नव्हते, अंगणवाडीची परीक्षा द्यायची नव्हती, बँकेत खाते चालवायचे नव्हते. शरीर लवकर सुरू होते आणि जग उशिरा आत घेते, म्हणून मधला काळ दोन्ही टोकांनी लांबला आहे. त्याला शहरी चोचले म्हणणे सोपे आहे. पण वाशीमच्या पोराला मुंबईच्या पोराइतकीच पदवी मागितली जाते. मग त्याला वाढायला वर्षे मात्र कमी का?

यापेक्षा वजनदार आक्षेप आईबापांचा आहे, आणि तो मागासलेपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. शाळा सहा-सात किलोमीटरवर, रस्ता कपाशी-तुरीतून जाणारा, दुपारी सुटलेली मुलगी संध्याकाळच्या एसटीची वाट बघत फाट्यावर उभी, आणि दोघेही नवरा-बायको मजुरीला. काही झाले तर गाव मुलीलाच बोल लावणार. अशा घरात लग्न हा सुरक्षेचा उपाय वाटतो. त्यात वय वाढले की हुंडा वाढतो, घरात दोन बहिणी असतील तर एकाच मांडवात दोघींचे उरकून खर्च वाचतो, आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी हे सगळे हिशेब जास्तच टोकदार होतात. या माणसांना बालविवाहाचे दुष्परिणाम सांगणारी भित्तिपत्रके वाचायला दिली तर ती म्हणतील, आम्हाला माहीत आहे. खरेच माहीत असते. त्यांचा प्रश्न ज्ञानाचा नाही, अंतराचा आहे.

अंतर कमी केले तर फरक पडतो याचा पक्का पुरावा आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम मोजला: योग्य वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नावनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शिकवणारे घरच मुलीला सायकलीवरून पाठवते, बाकीची घरे पाठवणार नाहीत, असे कुणी म्हणेल. म्हणूनच त्यांनी बिहारच्या मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी आणि शेजारच्या झारखंडशी केली होती, आणि जिथे हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा लांब होते तिथेच वाढ जास्त होती. घराची वृत्ती बदलली नव्हती, रस्ता बदलला होता. सायकलींचा थवा एकत्र निघतो तेव्हा प्रत्येक मुलगी थोडी सुरक्षितही होते, हे त्यांनी नोंदवलेले कारणही आपल्या गावांना कळण्यासारखे आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात आणि त्यांच्यासाठीच्या निळ्या एसटी गाड्या धावतात. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. राज्याने या बाबतीत योग्य जागी बोट ठेवले, हे मान्य करायला हवे. पण मोफत पास असून गाडी वेळेवर नसेल तर तो पास कागदच. परीक्षेच्या दिवशी गाडी रद्द होणे, पावसाळ्यात पुलावरून पाणी म्हणून आठवडाभर न येणे, शाळा सुटल्यावर दोन तासांनी येणे, यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत एखाद्या मुलीच्या नववीत मोजली जाते.

रस्त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे संध्याकाळचा तास. पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाअखेर शाळा सुटलेल्या आणि मजुरी करणाऱ्या अविवाहित मुलींसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला: रोज संध्याकाळी एक तास, शिकवणारी गावातलीच थोडी शिकलेली बाई, विषय आहार, पाळी, बँक, ग्रामपंचायत, भांडण कसे मिटवावे इथपर्यंत. अभ्यासक्रम ठरवताना आईबापांनाही बसवले होते. चारेक वर्षांत त्या गावांतले मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एक वर्ष. ऐकायला फार वाटत नाही. पण वर सांगितलेल्या हाडाच्या आणि मेंदूच्या हिशेबात सोळा ते सतरा हे फुकट जाणारे वर्ष नाही. विदर्भात गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘तारुण्यभान’च्या सत्रांतून मुलामुलींशी एकत्र, लाजेशिवाय बोलण्याची रीत उभी केली. वाशीममध्ये मुलामुलींना बोलते करणारे शाळांतले मीना-राजू मंच आहेत. मुलांना संध्याकाळी पारावर, पानटपरीवर जागा असतेच. तिथे खर्ऱ्याची पुडी सोबत येते, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही. मित्र बघत असताना या वयाचा मेंदू कसा वागतो ते पाहिलेच. म्हणूनच मित्रांची जागा कुठे आहे याला इतके महत्त्व. मुलींना ती जागाच नाही. सातवीपर्यंत मैदानात दिसणारी मुलगी आठवीत खेळायची बंद होते आणि तिची संध्याकाळ पाणी, भाकरी आणि धाकट्या भावात जाते.

तांड्यांवर हा प्रश्न आणखी घट्ट होतो. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान, देशभरच्या बंजारा समाजाची काशी. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक तांड्यांवरची जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा बांधकामावर बाहेर पडतात, ती उन्हाळ्यातच परततात. जोडीने तोड, जोडीने उचल. म्हणून लग्न झालेले जोडपे मुकादमाला हवे असते. १५ वर्षांची मुलगी मागे ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर, बरोबर न्यायची तर शाळा सुटली. लग्न करून दिले की दोन्ही प्रश्न मिटतात. इथे हंगामी वसतिगृहाची योजना कामाची आहे, आणि विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळाही. पण वसतिगृहात मुलीला ठेवायला बाप तयार होतो तो तिथे बाई अधीक्षक रात्री राहते का, दाराला कडी आहे का, हे स्वतः बघून. या साध्या गोष्टी आहेत, आणि साध्या म्हणूनच त्यांच्यावर कुणाचे भाषण होत नाही.

एक शेवटचा आक्षेप पोलिसांच्या डायरीतून येतो. मुली शाळेत गेल्या की प्रेम होते, पळून जातात, मग पॉक्सोचे गुन्हे. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ खालच्या कुणाचीच संमती मानत नाही, त्यामुळे १७ वर्षांच्या मुलीबरोबर पळालेला १९ वर्षांचा पोरगा आणि खरा नराधम एकाच कलमात येतात, आणि अनेक न्यायालयांनी याबद्दल अवघडलेपण व्यक्त केले आहे. कायद्याने या वयांतला फरक ओळखावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. पण शाळेला दोष देणे चुकीचे. पुष्कळ मुली पळतात त्या घरी लग्न ठरवले म्हणून. घाईच्या निर्णयाला घाईचेच उत्तर. ज्या मुलीला पुढची चार वर्षे शिकण्याची खात्री आहे तिला आज रात्रीच घर सोडण्याचे कारण कमी असते. आणि जी पळत नाहीत त्यांच्या मनावरचा ताणही विसरू नये: मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कर्जाने वाकलेल्या घरातले पोर कुणाशी बोलणार? १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ त्याहून जुना. दोन्ही क्रमांक नववीच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावेत, पण ते वाचायला मूल नववीच्या वर्गात असावे लागते.

सरकारचा ओढा मात्र वेगळीकडे असतो. २०२१ मध्ये मुलींच्या लग्नाचे वय २१ करणारे विधेयक लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर विरले. १८ चाच कायदा पाळला जात नसताना २१ लिहिणे सोपे, कारण त्याला एकही बस लागत नाही. राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत अकरावीत ८ हजार आणि अठराव्या वर्षी ७५ हजार रुपये आहेत, कल्पना चांगली आहे. पण ती १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी. आज नववीत असलेल्या वाशीमच्या मुलीला त्या योजनेतला एक रुपयाही मिळणार नाही. तिच्यासाठी करण्यासारखी कामे कमी खर्चाची आहेत: शाळेतला पोषण आहार बारावीपर्यंत, मुलगे धरून, मानव विकासच्या गाड्यांच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळवणे, आणि गावोगाव पाचोडसारखा संध्याकाळचा एक तास. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावपातळीवर ग्रामसेवक आणि मदतीला अंगणवाडी सेविका नेमलेल्या आहेतच. त्यांच्याकडे मांडवाच्या आदल्या दिवशी तक्रार जाते. जायला हवी ती मुलीचे नाव नववीच्या हजेरीतून गळले त्या दिवशी.

वाचकांतले जे वाशीममधल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यांतल्या गावांचे असतील त्यांना एक विनंती. २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. तिथे तीन प्रश्न विचारा. कुणाचे नाव घेऊ नका, फक्त आकडे मागा: गेल्या वर्षी गावातली किती मुले आणि किती मुली आठवी पास झाली, त्यातली आज किती नववीत आहेत, आणि शाळेची एसटी सकाळी किती वाजता येते व संध्याकाळी किती वाजता परत आणते. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि १ मेच्या ग्रामसभेत हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.